बाइटची अक्षरं करू नका

एका संस्थेचं सभासद-नोंदणीचं जुनं जावा सॉफ्टवेअर आमच्याकडे दुरुस्तीला आलं. सभासदांचे फोटो उघडत नव्हते. फाइली जागेवर होत्या, लॉगमध्ये एकही एरर नव्हती. एक फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली. जेपीईजी फाइल 'एफएफ डी८ एफएफ' या बाइटनी सुरू होते. इथे 'ईएफ बीएफ बीडी' हे त्रिकूट ओळीने चारदा होतं आणि जरा पुढे 'जेएफआयएफ' ही अक्षरं मात्र शाबूत!

उलगडा तिथेच झाला. कोणीतरी फोटोचे बाइट आधी स्ट्रिंगमध्ये घेतले होते आणि मग रायटरने फाइलीत लिहिले होते. यूटीएफ-८ मध्ये न बसणारा बाइट दिसला की जावा गुपचूप त्याच्या जागी एक ठरावीक बदली अक्षर टाकतं आणि लिहिताना त्याचे तीन बाइट होतात. मूळ बाइट कुठलाही असो, खूण एकच. म्हणून असा फोटो परत मिळवता येत नाही. संस्थेला लोकांकडून फोटो पुन्हा मागवावे लागले. एक्सेप्शन आलं असतं तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, याची मला आजही चुटपुट लागते.

त्याच सॉफ्टवेअरच्या यादीत मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. फाइलरायटरला एन्कोडिंग सांगितलेलंच नव्हतं, म्हणून त्याने विंडोजचं १२५२ धरलं. त्यात देवनागरी नाहीच. २०२२ च्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट आहे, पण ८ आणि ११ वर चालणारी सॉफ्टवेअर अजून ठिकठिकाणी आहेत. तिथे फाइल्स.न्यूबफर्डरायटर वापरा आणि यूटीएफ-८ स्पष्ट लिहा.

फोटो, पीडीएफ, झिप, एन्क्रिप्ट केलेला मजकूर हे सगळं बाइट म्हणूनच न्या: फाइल्स.राइट किंवा आउटपुटस्ट्रीम, मध्ये स्ट्रिंग कुठेही नको. जेसनमधून पाठवायचंच असेल तर बेस६४ करा. आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, तो वाढू द्या. डेटाआउटपुटस्ट्रीमच्या राइटयूटीएफच्या नावावर जाऊ नका. ते मजकुराआधी लांबीचे दोन बाइट लिहितं, त्यामुळे ती साधी टेक्स्ट फाइल राहत नाही.

चाचणीला 'एबीसी' घेऊ नका, ती इंग्रजी अक्षरं दोन्ही एन्कोडिंगमध्ये सारखीच असल्याने चूक झाकली जाते. 'ज्ञानेश्वर' लिहा आणि एक खरा फोटो घ्या. फाइल परत वाचून अ‍ॅरेज.इक्वल्सने मूळ बाइटशी ताडा, आणि तोवर मूळ फोटो डिलीट करू नका.