12 खुर्च्यांचं हॉटेल आणि मोताळ्याची चायनीज गाडी

व्हिडिओत हिशोब घाईघाईत झाला, म्हणून इथं नीट लिहून देतो.

आपल्या क्लासमधला एक पोरगा मोताळ्यात चायनीजची गाडी लावतो. 16 खुर्च्या, वेळ साडेसहा ते साडेदहा, रोजच्या साधारण 40 प्लेटा. धंदा बरा आहे. आता त्याला मलकापूर रोडला गाळा घेऊन 40 खुर्च्या टाकायच्यात, त्यासाठी 3 लाखांचं मुद्रा लोन काढायचंय. त्याचं म्हणणं, "सर, जागा मोठी झाली की गिऱ्हाईक आपोआप वाढते."

मी त्याला मुंबईतली छोटी हॉटेलं दाखवली. बांद्र्याला 2018 मध्ये नूरेशा काबली यांनी 'इझुमी' सुरू केलं. रामेन, सुशी असं जपानी जेवण आणि सुरुवातीची जागा एवढीशी. तिथंच 'सीफा' आहे, थायलंडच्या सीफा केचायो आणि त्यांचे पती करण बने यांचं. दोघंही शेफ. एकीचा हात थाईवर, दुसऱ्याचा जपानीवर. म्हणजे मुख्य कारागीर घरचेच! 2024 ला सुरू झालेल्या 'पापाज'मध्ये तर फक्त 12 जणांची सोय. तिथलं जेवण भारतीय वळणाचं आहे, पण खुर्च्यांचं गणित तिथं सगळ्यात स्वच्छ दिसतं. गिऱ्हाईक आधी बुकिंग करते, मेनू ठरलेला, शेफ समोरच उभा. आज किती ताटं लागणार हे सकाळीच माहीत. मग माल मोजून आणायचा, फेकायला जवळपास काही उरत नाही.

मुंबईचे दर मोताळ्यात चालत नाहीत, हे मलाही कळतं. हिशोबाची पद्धत मात्र चालते.

प्लेट 90 रुपयांची धरा. माल, गॅस, तेल जाऊन हातात 45 राहतात. आता गाळ्याचा जास्तीचा खर्च बघा. भाडं 12,000 म्हणजे रोजचे 400. लोनचा हप्ता तीन वर्षांसाठी महिन्याला 10,000 च्या आसपास, म्हणजे रोजचे 330. एक पोरगा वाढवला तर 500. लाईट-पंखे 70. झाले 1,300. भागिले 45, म्हणजे रोज 29 प्लेटा जास्त विकल्या तेव्हा कुठं आज जेवढं उरते तेवढंच उरणार. पावसाळ्यातही, महिनाअखेरीलाही. डिपॉझिट तर मी धरलंच नाही.

आणि गंमत बघा, आजच्या 16 खुर्च्याच भरत नाहीत. माणूस पाऊण तास बसतो असं धरलं, तर चार तासांत पाच वेळा खुर्ची फिरते. म्हणजे 80 माणसं बसू शकतात. येतात 40. मग खुर्च्या कमी आहेत का गिऱ्हाईक?

म्हणून मी त्याला म्हटलं, भाऊ, आधी प्लेट बदल. मंचुरियनसुद्धा काही चीनहून आलेलं नाही. नेल्सन वांग यांनी 1975 च्या सुमारास मुंबईत ते केलं, असं सांगतात. आपल्याकडं जवस, तीळ, शेंगदाणे आहेत. चीन-जपानात तिळाच्या वाटणातल्या नूडल्स खातात, थाई साटेसोबत शेंगदाण्याची चटणी असते. मग जवसाच्या चटणीतल्या नूडल्स का नाही? शनिवारी फक्त 20 प्लेटा, 120 रुपये, दुपारपर्यंत फोनवर नाव नोंदवायचं, निम्मे पैसे आधी. उधारी नाही. आणि 45 पदार्थांचा तो बोर्ड उतरव. त्यातले दहा-बाराच विकले जातात, बाकीच्यांचा माल फ्रीजमध्ये मरतो.

त्याला हे सगळं पटलं नाही, बोर्डावर तर तो अडूनच बसलाय. पण गाळ्याचं टोकन त्यानं दोन महिने थांबवलंय.

तुमची गाडी, टपरी, खानावळ काहीही असो, येत्या सात दिवसांचं एक काम. वहीत दर अर्ध्या तासाला किती खुर्च्या भरल्या ते लिहा, आणि रात्री बोर्डावरच्या ज्या पदार्थाची एकही प्लेट गेली नाही त्यापुढं फुली मारा. वही घेऊनच पुढच्या रविवारी क्लासला या.