पाणीवाल्या बाईंच्या गोरेगावाहून मोखाड्याकडे

चि. मनूस,

बोरिवलीची चांगली नोकरी सोडून तू मोखाड्याला पाण्याच्या कामासाठी निघालीस, हे तुझ्या आईने फोनवर रडत सांगितले. तिची समजूत मामा काढेल. तू मात्र निघण्यापूर्वी एक हिशेब मांडून बघ. आपल्या मुंबईच्या नळांना येणारे बरेचसे पाणी भांडुपच्या केंद्रात शुद्ध होते, आणि तिथवर ते शहापूर-मोखाड्याच्या डोंगरांतल्या धरणांतून येते. मध्य वैतरणा धरण तर खुद्द मोखाडा तालुक्यात, कोचाळे गावाजवळ आहे. त्याच मुलखातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा आपण तिथे काही उपकार करायला चाललो आहोत, असा आव चुकूनही आणू नकोस. आपले घर त्या पाड्यांचे देणे लागते.

काम कसे करायचे याचे धडे मात्र इथेच, गोरेगावात मिळतील. गोरेगाव १९५७च्या फेब्रुवारीपर्यंत बृहन्मुंबईच्या हद्दीबाहेर होते. त्याची स्वतःची ग्रामपंचायत होती, आणि समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांचे सार्वजनिक काम त्या पंचायतीतून उभे राहिले, हे मोठमोठे लेख लिहिणारेही विसरतात. माहेरच्या मोहिले. डॉक्टरकीचे शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलात आलेल्या, १९४८ साली केशव गोरे यांच्याशी लग्न केलेल्या. १९५८ साली पती गेले, पदरात लहान मुलगी. अशा वेळी माणूस घरात बसला असता तरी कोणी बोल लावला नसता. बाई १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या.

उपनगरे तेव्हा भराभर वाढत होती आणि पाइपलाइन मागेच राहिली होती. झोपड्यांच्या बाबतीत पालिकेचे म्हणणे सरळ होते: वस्ती बेकायदा, मग नळ कसला? बाईंनी या प्रश्नावर बायकांना हंडे घेऊन रस्त्यावर आणले आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव मिळवले. पुढे १९७२नंतर अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यासोबत महागाईविरुद्ध लाटणे-थाळ्यांचा गजर केला. आणीबाणीत तुरुंग भोगला. १९७७ साली त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा मुंबईभर गाजली. घोषणा फक्कडच होती. पण घोषणेमुळे एक नुकसान झाले असे मामाचे मत आहे: लोकांना बाईंचे मोर्चे तेवढे आठवतात, सभागृहातली तयारी आठवत नाही.

ती तयारीच शिकण्यासारखी आहे. गर्भलिंगचाचणीविरुद्धची चळवळ रस्त्यावर उभी राहिली, तेव्हा बाई आमदार होत्या. त्यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक आणून सरकारला धारेवर धरले, आणि १९८८ साली महाराष्ट्राने या चाचण्यांवर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राला तसा कायदा करायला १९९४ उजाडले. घरांच्या बाबतीतही तेच. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालच्या जमिनी सर्वसामान्यांच्या घरांसाठी द्या, अशी नुसती मागणी करून त्या थांबल्या नाहीत. नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून दिंडोशीला हजारो घरे प्रत्यक्ष उभी राहिली. मागणी करणाऱ्यानेच वसाहत उभी करून दाखवणे हे आपल्याकडे फार थोड्यांना जमले.

आता जिंकल्यावर सगळे संपते असे समजू नकोस. बाईंच्या पाण्याच्या लढ्यानंतर इतक्या वर्षांनी पाणी हक्क समितीला त्याच प्रश्नासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. २०००नंतरच्या झोपड्यांना पालिका नळ देत नव्हती. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे; घर बेकायदा असले तरी आतल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. निकाल स्वच्छ होता. पालिकेचे धोरण यायला मात्र २०१७ साल लागले, आणि ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण २०२२ साली जाहीर झाले.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाचे उदाहरण याहून बोलके आहे. गावातले नेते देवाजी तोफा आणि बाहेरचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गावात सगळे निर्णय सर्वांच्या सहमतीने होतात आणि ग्रामसभेच्या आधी अभ्यासगट बसतो. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू तोडून बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात! ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले २७ एप्रिल २०११ला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. हक्काचा कागद आणि हक्काचा बांबू यांच्यात जवळजवळ दोन वर्षांचे अंतर पडले. गाव टिकले, कारण कायदेकानून गावकऱ्यांनाच पाठ होते. बाहेरच्या एका कार्यकर्त्यावर सगळे अवलंबून नव्हते.

मोखाड्यात तुझ्या हाताशी एक हत्यार असेल, जे इथल्या आरे किंवा बोरिवलीच्या जंगलातल्या पाड्यांना नाही. तो तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राच्या २०१४च्या नियमांनुसार एखादा पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. २०१५पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येतो. तो कशावर खर्च झाला हे पाड्यावरच्या बायकांना वाचता आले पाहिजे. ठरावाची वही त्यांच्याकडून वाचून घे. स्वतः भाषण ठोकण्यापेक्षा ते शंभर पटींनी उपयोगी.

नळयोजना आणण्याची घाई करू नकोस, हे जरा कडू वाटेल. पाइप, टाकी, उद्घाटनाचा फलक सगळे होते आणि वर्षभरात वीजबिल थकून पंप बंद पडतो. अशा कोरड्या टाक्या ठिकठिकाणी उभ्या आहेत. पाण्याचा उगम उन्हाळ्यात टिकतो का, बिल कोण भरणार, व्हॉल्व्ह कोणाच्या हातात, हे आधी विचार. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे. पाड्यावर तेवढे खरेच पोचते का ते हंड्यांनी मोजून लिहून ठेव. आकडा हातात असला की गटविकास अधिकारी बसायला खुर्ची देतो, असा अनुभव पुष्कळांना आहे.

आणि हो, ‘इथल्या लोकांना कळत नाही’ हे वाक्य मुंबईच्या मुलांच्या तोंडी लवकर येते. आले तर त्या दिवशी गप्प बसून भातलावणी कर.

पाणीटंचाई आराखड्याचा शेवटचा टप्पा एप्रिल ते जूनचा असतो, आणि टँकरसाठी आधी ग्रामपंचायतीचा प्रस्ताव जावा लागतो. मग पाहणी, मग मंजुरी. तेव्हा होळीची वाट न बघता फेब्रुवारीतच पाडेवार यादी कर, प्रस्तावाची पोच घे आणि तिची एक प्रत पाड्यावर ठेवून एक मामाला पाठव.

तुझा,
मामा
मुलुंड