गोळी चुकली तर काय होतं?

काही महिन्यांपूर्वी एक आजी सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. कंबर चार वर्षांपासून धरलेली. "दुखणं शून्य ते दहामध्ये किती?" असं मी विचारलं, तर त्या नुसत्या बघत राहिल्या. "रुपयातले किती आणे?" म्हटल्यावर लगेच म्हणाल्या, "बारा आणे. गोळी घेतली की चार आण्यांवर येतं. पण हल्ली दुपारपर्यंतच पुरते."

त्या 'हल्ली'वर मी थांबलो. गोळी ट्रॅमाडॉलची होती. ती अफूपासून काढत नाहीत, कारखान्यात बनते. पण मेंदूत अफूच्याच जागी जाऊन बसते. टॅपेंटाडॉल आणि खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन त्याच कुळातलं. २०१८ साली ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. तरी पॅरासिटामॉलबरोबर जोडलेली ती गोळी आजही घराघरात 'दुखण्याची गोळी' म्हणूनच ओळखली जाते.

अशी गोळी लिहिताना धोका कोणाला जास्त, हे पाहण्यासाठी अमेरिकेत २००५ साली बनलेली एक छोटी प्रश्नावली जगभर वापरतात. घरात कोणाला दारूचं व्यसन आहे का, तुम्हाला आहे का, मानसिक आजार आहे का, असे तिचे प्रश्न. प्रश्न चुकीचे नाहीत. पण सासू शेजारी बसलेली असताना कोणती सून "नवरा पितो" म्हणेल? 'व्यसन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दारूचा गुत्ता येतो. डॉक्टरांनीच दिलेली गोळी त्यात बसत नाही. तंबाखूबद्दल तर त्या प्रश्नावलीत विचारलेलंच नाही, आणि आपल्याकडे कित्येक बायका पहाटे मिश्री लावल्याशिवाय कामाला लागत नाहीत. मीही बरीच वर्षं "व्यसन आहे का?" एवढंच विचारलं, 'नाही' ऐकलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. त्यात काही जण माझ्या हातून निसटले असणार, याची मला खंत आहे.

आता मी आधी नातेवाइकांना बाहेर बसायला सांगतो. मग विचारतो, गोळी चुकली तर काय होतं? नुसतं दुखणं वाढलं तर गोष्ट वेगळी. पण जांभया, नाक गळणं, घाम, अंगावर काटा, जुलाब, जीव कासावीस होणं, असं सगळं एकदम आलं तर शरीराला गोळीची सवय लागली आहे. पाकीट पूर्वीपेक्षा लवकर संपतं का? दुखत नसतानाही झोप लागावी, कामाला हुरूप यावा म्हणून घेता का? एका मेडिकलवाल्याने नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जाता का? हे प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारा.

दुखणं सांगताना मराठी शब्द मोकळेपणी वापरा. ठणका, कळ, सल आणि चमक हे डॉक्टरला वेगवेगळं सांगतात. आग होते, मुंग्या येतात असं असेल तर दुखणं बहुधा नसेचं. मधुमेहात ते फार दिसतं आणि त्याची औषधं वेगळी असतात.

सवय लागली म्हणजे माणूस वाईट झाला, असं मुळीच नाही. मात्र गोळी एका दिवसात बंद करू नका. ती टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर ती घेतली तर श्वास मंदावतो, जीवही जाऊ शकतो. ट्रॅमाडॉल जास्त झालं तर झटके येतात. आणि घरात कॅन्सरचा रुग्ण असेल, डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं असेल, तर हे वाचून ते थांबवू नका. त्या वेदनेत ते हक्काचं औषध आहे.

डॉक्टरांकडे जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामीसुद्धा. समोर बोलायला संकोच वाटत असेल तर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा.

सून बाहेर गेल्यावर आजींनी कनवटीची पुरचुंडी सोडली. आत आणखी सहा गोळ्या होत्या, शेजारणीकडून आणलेल्या. तीन महिन्यांत आम्ही डोस हळूहळू उतरवला, शेक आणि व्यायाम सुरू केले. कंबर अजून सहा आणे दुखते. पण दुपारी त्या अंगणात शेंगा निवडत बसतात.