उपस्थाता आणि संवाद

चिकित्सेचे चार पाद आपणां सर्वांस परिचित आहेत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात उपस्थात्याचे उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे चार गुण सांगितले. ज्ञापकत्व, म्हणजे आपली व्यथा नीट सांगता येणे, हा गुण मात्र रुग्णाच्या वाट्यास आला. म्हणून परिचारकाने संवादाचे भान ठेवण्याची गरज नाही, असे नव्हे. रुग्णाचे ज्ञापकत्व बहुधा विचारणाऱ्यावरच अवलंबून असते. पंधराव्या, उपकल्पनीय अध्यायात तर शोधनापूर्वी जमवावयाच्या माणसांत गायन-वादन व कथा-आख्यायिकांत निपुण आणि दुसऱ्याच्या मनातील अभिप्राय जाणणारी माणसे सांगितली आहेत.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे विरेचनासाठी आलेल्या एका रुग्णास घरी जाताना परिचारिकेने ‘हलका आहार घ्या’ एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी गृहस्थ पोट धरून परत आले. तांबडा रस्सा तिखट म्हणून त्यांनी कटाक्षाने टाळला होता आणि हलका म्हणून पांढरा रस्सा भाकरीसह घेतला होता! कोल्हापुरात दोष त्यांना कसा द्यावा? प्रवर शुद्धीत सात, मध्यमात पाच, अवरात तीन दिवसांचा संसर्जनक्रम असतो. ‘आज फक्त पेज, उद्या काय ते उद्या सांगेन’ असे म्हटले असते तर हा प्रसंग टळता.

वेगांच्या मोजणीतही हेच घडते. विरेचनाचे दहा, वीस, तीस वेग मोजताना आरंभीचे दोन-तीन मलयुक्त वेग वगळावयाचे असतात. ‘किती वेळा झाले?’ या प्रश्नास रुग्ण सर्व मिळून आकडा सांगतो, काही स्त्रिया तर संकोचाने कमीच सांगतात. परिचारिकेने प्रत्येक वेळी स्वरूप हळूच विचारून लगेच नोंदवावे. पाळी बदलताना ती नोंद पुढील परिचारिकेस वाचून दाखवावी, नुसती वही हाती देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2007 साली रुग्णसुरक्षेच्या उपायांत पाळीबदलाच्या वेळच्या संवादास स्थान दिले आहे.

औषधालयाच्या मालकांनीही आपल्या काउंटरकडे पाहावे. ‘एक चमचा’ म्हणजे चहाचा की पोह्याचा, ‘जेवणाआधी’ म्हणजे घासभर आधी की तासभर आधी? निपाणी-संकेश्वरकडून येणाऱ्या कन्नड भाषक रुग्णासमोर तर मराठी चिठ्ठी निरुपयोगीच. आमच्याकडे आता औषध देताना ‘घरी गेल्यावर कसे घ्याल, मला सांगा’ असे रुग्णालाच विचारले जाते. प्रारंभी मदतनीस मुले कुरकुरली, गर्दीच्या वेळी अजूनही कुरकुरतात. परंतु ‘मधातून’ सांगितलेले चूर्ण गरम दुधातून घेणारे किती जण आहेत, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळले.