गृहस्थाची लेखनविद्या

समर्थ रामदासस्वामींनी दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या आरंभी प्रपंच सांभाळून परमार्थ साधण्याचा उपदेश केला आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर त्यांनी लेखनक्रियेलाच वाहिला आहे. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या सत्पुरुषास अक्षर, ओळी आणि कागद यांचा विचार क्षुद्र वाटला नाही, ही गोष्ट आम्हां गृहस्थांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

प्रत्येक प्रौढ मनुष्यास स्वयंपाक, रुग्णशुश्रूषा, पोहणे अशा अनेक गोष्टी यावयास हव्यात. परंतु घरातील कर्ता माणूस गेल्यावर जिच्या अभावी मागे राहिलेल्यांची दैना होते, अशी एक विद्या आम्ही बहुधा शिकतच नाही. ती म्हणजे आपला व्यवहार दुसऱ्यास समजेल असा लिहून ठेवणे. पूर्वी पेटी उघडली की पासबुके व विमापत्रे हाती लागत. आता पुष्कळसा व्यवहार मोबाइलमध्ये दडलेला असतो. त्यामुळे ठेव आहे हेच घरच्यांस कळत नाही. दहा वर्षे कोणी न विचारलेली बँकेतील ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती वारसांस मागता येते, हे खरे. पण मागण्यासाठी ती आहे हे तरी ठाऊक असावे लागते.

यास्तव पहिली गोष्ट वहीची. कोणत्या बँकेत खाते आहे, विमा कोठला, घराचे दस्तऐवज कोठे ठेवले आहेत, देणे किती व येणे किती, हे सर्व एका वहीत लिहावे. गुप्त सांकेतिक आकडे मात्र त्यात लिहू नयेत. वही कोठे आहे, हे पतीने पत्नीस व पत्नीने पतीस सांगून ठेवावे.

दुसरी गोष्ट नामनिर्देशनाची. बँकेत ज्याचे नाव दिले, तोच धनी झाला, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. बँकेतील ठेवीपुरते बोलावयाचे तर नामनिर्देशित व्यक्ती ती रक्कम केवळ स्वीकारते. मालकी कायदेशीर वारसांचीच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे.

तिसरी गोष्ट मृत्युपत्राची. ते नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यान्वये पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा वाटा असतो. सर्व काही आपोआप पत्नीचे होते, असे नव्हे. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. लिहिणाऱ्याने स्वस्थ चित्ताने सही करावी व दोन साक्षीदारांनी ती पाहून त्याच्या समक्ष आपल्या सह्या कराव्यात. गोव्यातील आप्तांनी मात्र तेथील निराळा कायदा जाणून घ्यावा. तेथे मुलांसारखे हक्काचे वारस असता निम्म्या मालमत्तेवर त्यांचा हक्क राखीव असतो.

मृत्यूची गोष्ट काढणे अशुभ, असे कोणी म्हणेल. परंतु पूजेच्या संकल्पात आपण देश, काल, नाव, गोत्र उच्चारून कोणाचे कर्म कशासाठी, हे स्पष्ट करतोच ना? मृत्युपत्रही तसाच एक संकल्प होय. वडिलांच्या मनातील गोष्ट कागदावर नसल्यामुळे सख्खी भावंडे एकमेकांच्या दारी जाईनाशी होतात, यापरते अशुभ ते काय?

दिवाळीत आमचे व्यापारी बांधव नव्या वहीची पूजा करतात. प्रत्येक घराने त्याच दिवशी आपली ही वही देवापुढे ठेवावी, वर्षाचे फेरफार तीत नोंदवावेत आणि मुलामुलींस जवळ बसवून ती वाचून दाखवावी. आपल्यामागे घरात कलह नसावा, ही इच्छा धरून केलेले हे लेखन देवाच्या सेवेहून वेगळे आहे, असे आम्हांस वाटत नाही.