पांढऱ्या रंगाची भीती

पुण्याच्या सदाशिव पेठेतील एखाद्या दवाखान्यात पांढरा कोट घातलेले डॉक्टर दिसले, की रुग्णाला धीर येतो. पण याच पांढऱ्या रंगाची कोणाला भीती वाटत असेल का?

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली गडचिरोली येथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. या जिल्ह्यातील जंगलात गोंड आदिवासी राहतात. ते आजारी पडत; पण रुग्णालयात जात नसत. डॉक्टरांनी त्यांना कारण विचारले.

लोकांनी सांगितले, की मोठ्या इमारतीत आम्ही हरवून जातो. नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. तिथे आमचा देव नसतो. शिवाय डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात. आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतो. ते कपडे घालणारे आम्हाला कसे वाचवतील?

मुलांनो, कफन पांढरे असते हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण दवाखान्यातला पांढरा रंग म्हणजे स्वच्छता, असे आपण लहानपणापासून मानतो. रंग एकच; अर्थ मात्र पाहणाऱ्याच्या मनात असतो.

डॉक्टरांनी लोकांना दोष दिला नाही. शोधग्राम येथील रुग्णालय त्यांनी आदिवासी गावासारखे बांधले. लहान झोपड्यांत रुग्णाबरोबर घरची माणसेही राहू लागली. रुग्णालयाला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. लोकांना ते आपले वाटले.

लहान बाळाला न्यूमोनिया झाला, की त्याचा श्वास जलद होतो. उपचाराला उशीर झाला, तर बाळ दगावते. पण निरक्षर सुईणींना मिनिटातले श्वास मोजणे कठीण जाई. म्हणून ‘सर्च’ने मण्यांचे एक साधन बनवले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ होते. दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर धोका समजायचा. आकडे न येणाऱ्या सुईणीलाही लाल मणी दिसत होता.

औषध चांगले असून भागत नाही. ते देणाऱ्याने आधी रुग्णाच्या नजरेने पाहिले पाहिजे.

शब्दार्थ
दांपत्य – पती-पत्नी
दगावणे – मरण पावणे
सुईण – बाळंतपण करणारी स्त्री

स्वाध्याय
१. आदिवासींना पांढऱ्या कपड्यांची भीती का वाटत असे?
२. मण्यांच्या साधनाने श्वास कसे मोजत?
३. तुमच्या आजीला दवाखान्यात कशाची भीती वाटते? तिला विचारून पाच वाक्ये लिहा.