यंत्र ठणठणीत, मग साइट का उघडत नाही?

प्रश्न : पौडला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. संगणक विंडोज ७चा, चालायला उत्तम. पण क्रोम अपडेट होत नाही, काही साइट अर्धवट उघडतात. संगणक बाद झाला का?
– एक वाचक, पौड (ता. मुळशी)

उत्तर : संगणकाला काहीही झालेलं नाही. विंडोज ७च्या नेहमीच्या अपडेटची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली, आणि त्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. नव्या साइट त्यापुढच्या आवृत्त्या गृहीत धरतात. तुमचा वैताग रास्तच आहे. चालतं यंत्र भंगारात का घालायचं?

‘विंडोज १० टाकून देतो’ असं कोणी म्हणेल, पण त्याचीही नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. त्यापेक्षा लिनक्स मिंट बघा. ते मोफत आहे आणि पेन ड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता चालवून पाहता येतं. ४ जीबी रॅम असेल तर ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्या. पेन ड्राइव्हवरून चालवून पाहतानाच प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याचं यंत्र जोडून बघा. अडलं तर बहुधा तिथेच अडेल. पटलं, तर आधी सगळ्या फायलींची प्रत काढा, मगच कायमचं बसवा.

‘श्रीलिपी’ या विंडोजवरच्या मराठी टंकलेखन सॉफ्टवेअरमधला जुना मजकूर असेल तर विंडोज ७ ठेवा, पण इंटरनेट काढून. गिऱ्हाइकांचे आधार, बँकेचे तपशील त्यावर नकोतच. आणि ‘विंडोज ७साठी नवं क्रोम’ देणाऱ्या अनोळखी साइटवरून काहीही उतरवू नका.